शून्य टक्क्यांचा फ्लास्क

"हाई काय शे? मधनामायक दिखस," असं म्हणत आबांनी माझ्या टेबलावरची बाटली उचलली आणि खिडकीच्या उजेडात धरली.

मधासारखंच दिसत होतं ते. पिवळसर, किंचित दाट. आबा म्हणजे आमच्या संस्थेचे सगळ्यात मोठे देणगीदार. चोपड्याकडचे केळी-बागायतदार. धुळ्यातली आमच्या संशोधन केंद्राची इमारत त्यांच्या पैशांवर उभी राहिली होती आणि त्या दिवशी ते ती पहिल्यांदाच आतून बघत होते. त्यांच्या मागे संस्थेचे सचिव उभे होते, सचिवांच्या मागे बाकीचा लवाजमा.

"सीरम आहे, आबा," मी म्हणाले. "रक्त गोठलं की त्याला जे पाणी सुटतं ना, ते."

"कोनं रगत?"

कोणाचं रक्त, हा अगदी सरळ प्रश्न होता. आबांच्या खांद्यावरून सचिव मला डोळ्यांनी काहीतरी सुचवत होते. मला ते कळलं नाही, असं नाही. पण एवढा वयस्कर माणूस चार पायऱ्या चढून आला, मनापासून विचारतोय, त्याला मी थाप मारायची? मी म्हणाले, "गाईच्या पोटातल्या वासराचं."

आबांनी बाटली खाली ठेवली. आपटली नाही, हळूच ठेवली. मग ते व्हरांड्यात गेले, बेसिनवर साबण लावून हात धुतले आणि गाडीत जाऊन बसले. चहा, शाल, नारळ सगळं तसंच राहिलं.

माझं काम काय, हे इथे सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही. मी सस्तन प्राण्यांच्या पेशी शरीराबाहेर वाढवते. आयुष्यभर हेच केलं. आधी लस बनवणाऱ्या एका कंपनीत, मग आपल्या मुलखात काहीतरी करावं या हौसेपायी धुळ्यात. मी मूळची शिंदखेड्याची. हौसेला मोल नसतं म्हणतात, ते खोटं आहे. असतं.

प्राण्याच्या अवयवाचा छोटा तुकडा घ्यायचा, त्यातल्या पेशी सुट्ट्या करायच्या आणि प्लास्टिकच्या चपट्या बाटलीत ठेवायच्या. या बाटलीला आम्ही फ्लास्क म्हणतो. वर गुलाबी रंगाचं पोषक पाणी घालायचं, त्याला मीडियम म्हणतात. मग फ्लास्क इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे शरीराइतकी ऊब देणाऱ्या कपाटात. पेशींना बरं वाटलं तर त्या तळाला चिकटतात, पसरतात आणि सतरंजी अंथरल्यासारखा थर होतो. बरं वाटलं नाही तर गोल होऊन तरंगतात. तरंगली ती मेली समजायची.

पण नुसत्या मीडियमवर त्या जगत नाहीत. साखर असते, मीठ असतं, जीवनसत्त्वं असतात, तरी त्या रुसून बसतात. 'वाढ' असं त्यांना सांगणारं काहीतरी लागतं आणि ते सगळ्यात जास्त असतं न जन्मलेल्या वासराच्या रक्तात. परदेशातल्या कत्तलखान्यात गाभण गाय आली की ते गोळा करतात आणि बर्फात घालून जगभर पाठवतात. फीटल बोव्हाइन सीरम. एफबीएस. या धंद्यात सगळ्यांना हे माहीत असतं आणि जेवताना कोणी बोलत नाही. मलाही ते कधी आवडलं नाही. म्हणूनच तर माझा प्रकल्प होता, सीरमशिवाय पेशी जगवण्याचा.

आमच्या पेशी बकरीच्या मूत्रपिंडाच्या. माझा सहकारी डॉ. जावेद धुळ्याचाच. त्याने ओळखीच्या खाटकाकडून मूत्रपिंड आणलं होतं. त्यातून केलेल्या फ्लास्कपैकी नववा तेवढा टिकला, म्हणून नाव पडलं डीके-नाइन. डी धुळ्याचा, के किडनीचा. लंपीने आपल्याकडच्या गोठ्यांचं काय केलं ते सांगायला नको. त्या रोगाच्या लशीचे विषाणू जिवंत पेशींतच वाढतात, बाहेर नाही. बकरीच्या मूत्रपिंडाच्या पेशी त्यांना मानवतात. त्या जर महागड्या सीरमशिवाय वाढल्या, तर लस स्वस्त होईल. म्हणजे वासराचं रक्त न वापरता गुरांची लस. यात कोणाला काही आक्षेपार्ह वाटेल, हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं.

रीत अशी की सीरम हळूहळू कमी करायचं. दहा टक्क्यांवरून पाच, पाचावरून अडीच. प्रत्येक पायरीला पेशी रुसतात. त्यांची समजूत पटेपर्यंत थांबायचं, मग पुढची पायरी. काही वर्षं खपून आम्ही दोन टक्क्यांवर आलो होतो. कोणत्या फ्लास्कमध्ये किती सीरम आहे याचा घोळ होऊ नये म्हणून प्रत्येकावर ठळक लिहायचं, एफबीएस पाच टक्के, एफबीएस दोन टक्के. जावेदचं अक्षर छापल्यासारखं. आबा यायच्या दोन-तीन दिवस आधी त्याने एक आगाऊपणाही केला होता. थोड्या पेशी घेऊन एकदम सीरमशिवायच्या मीडियममध्ये टाकल्या आणि वर लिहिलं, एफबीएस शून्य टक्के.

"मरतील रे," मी म्हणाले होते.

"मरू द्या मॅडम, पण बघू तर."

प्रत्येक पायरीच्या थोड्या पेशी आम्ही द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत गोठवून ठेवत होतो. फ्लास्क बिघडला तर परत मागे जाता यावं म्हणून. गोठवतानाही पेशी सीरममध्येच बुडवाव्या लागतात, म्हणून त्या नळ्यांवरही एफबीएस लिहिलेलं होतं. या नळ्यांचा एक संच पुण्याच्या पेशी-बँकेत ठेवू या, असा अर्ज मी दोनदा केला होता. एकाच जागी सगळं ठेवणं म्हणजे आमच्याकडे गुन्हाच. दोन्ही वेळा सचिवांनी नाही म्हटलं. "संस्थेची मालमत्ता आहे ती, बाहेर कशी देता येईल?" त्यांच्या मते माझ्या पेशी म्हणजे सभागृहातल्या खुर्च्या.

आबांची गाडी गेल्यावर सचिवांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"मॅडम, हे तुम्ही आम्हाला कधी सांगितलं नाही."

"प्रस्तावाच्या पहिल्याच पानावर आहे, सर."

"एफबीएस लिहिलंय. एफबीएस म्हणजे काय, हे कोणाला कळणार?"

"विचारलं असतं तर सांगितलं असतं. आबांनी विचारलं, सांगितलं."

"त्यांना काय सांगता तुम्ही! गाईचं रक्त! आपल्या संस्थेत! उद्यापासून बंद."

"ते बंद करण्याचंच काम चाललंय. पण एकदम तोडलं तर पेशी मरतील. अजून दोन-तीन महिने द्या."

सचिव खुर्चीत मागे रेलले. त्यांच्याकडे तोडगा तयार होता. "आबांच्या केळीच्या रोपांची लॅब मी पाहिलीये. काचेच्या बाटलीत एवढंसं रोप वाढतं. काय घालतात? साखर, क्षार आणि नारळपाणी. रक्त लागत नाही. तुम्हीही नारळपाणी घाला."

जळगाव-धुळ्याकडे बाटलीत काहीही वाढवा, लोकांना केळीचं रोपच आठवतं. त्यात त्यांची चूक नाही, घरोघरी तेच पाहिलेलं. आणि नारळपाणी केळीला खरंच चालतं. मी म्हणाले, "ते झाड आहे, सर. या बकरीच्या पेशी आहेत."

"जीव तो जीव."

"आबा तुम्हाला काही बोलले का? बंद करा म्हणाले?"

"बोलायला कशाला पाहिजे? हात धुतले त्यांनी. मी डोळ्यांनी पाहिलं."

बकरीच्या मूत्रपिंडाबद्दल मात्र ते एक अक्षर बोलले नाहीत. बकरीच्या बाबतीत कोणाचीही भावना दुखावली नव्हती.

सचिवांशी डोकं फोडण्यात अर्थ नव्हता. ज्याच्या हात धुण्याचा अर्थ लावणं चाललं होतं, त्या माणसालाच गाठायचं मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी इन्क्युबेटर न उघडताच निघाले. जावेदला फोनवर म्हणाले, "आज फक्त सांभाळ. मी आल्यावर बघू." अमळनेरला एसटी बदलून चोपड्याला उतरले आणि तिथून रिक्षाने आबांच्या मळ्यात.

आबा ओट्यावर बसले होते. मला बघून उठले. "मॅडम? आठे?"

मी सरळ आमच्या बोलीतच सुरुवात केली. शिंदखेड्याची आहे म्हटल्यावर 'मॅडम'ची मी 'पोरी' झाले. समोर गोठा होता. एक खुंटा रिकामा होता, पण त्याच्यापुढची गव्हाण स्वच्छ झाडलेली. माझी नजर तिकडे गेलेली त्यांनी पाहिली.

"मनी गाय लंपीमा गई," ते म्हणाले. "मीठ टाकीसन पुरी तिले. मळामाच." स्वतःच्या मळ्यात, मीठ घालून, घरातलं माणूस पुरावं तशी.

मग मी त्यांना सगळं सांगितलं. पेशी काय, सीरम काय, लस काय. कळावं म्हणून विचारलं, "आबा, वासरूनं दूध तुम्ही एकदम तोडतस का?"

"नही. एकदम तोडं ते वासरू खंगी जास. थोडं थोडं कमी करनं पडस."

"मन्ह्या पेशीसनं बी तेच शे. दहावरथीन दोनवर उनूत. आते थोडंच राहीनं."

आबांनी रिकाम्या खुंट्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "ते बठ्ठं ठीक शे. पन मी कव्हय सांगं, बंद करा म्हनीसन?"

"तुम्ही हात धुवात ना, आबा."

"माले धुवाले वाटनं, मी धुवात. चहा पेवाले मन लागनं नही, घर उनू. त्यामा काय? काम बंद करा अशे कोन म्हनं?" ते खरोखर चिडले. "तू कर तुनं काम. सचिवले मी आते फोन करस."

त्या वेळी मला जे वाटलं ते आठवलं की आजही गलबलतं. आपण उगाच भीत होतो, माणसाशी नीट बोललं की माणसाला कळतं, असं वाटलं. आबांनी नातसुनेला हाक मारून फोन लावून घेतला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर.

आबांनी तोंड उघडायच्या आधीच सचिवांचा आवाज आला. "नमस्कार आबा! तुमचाच फोन येईल वाटलंच होतं. काही काळजी करू नका. सकाळीच सगळं उरकलं. त्या बाटल्या, नळ्या, जे काही होतं ते सगळं बाहेर काढलं. कचऱ्यात नाही टाकलं हं, आबा. वसतिगृहाच्या मागे खड्डा केला. मीठ घातलं, हळदकुंकू वाहिलं. विधिवत. तुमच्या भावनेला आम्ही धक्का लागू देणार नाही."

आबा माझ्याकडे बघत राहिले. फोन हातात तसाच. सचिव पलीकडून "हॅलो, हॅलो" करत होते.

मिळेल ती एसटी धरून मी धुळ्याला परतले. जावेद फाटकातच उभा होता. काय झालं ते त्याने सांगितलं आणि सांगताना माझ्याकडे बघत नव्हता.

सकाळी सचिव, संस्थेचे प्रबंधक आणि दोन शिपाई आले. किल्ल्या मागितल्या. फ्रीजमधल्या सीरमच्या बाटल्या घेतल्या, तिथपर्यंत ठीक होतं. ते परत मागवता आलं असतं. पण मग प्रबंधकांनी नायट्रोजनच्या टाकीतली एक नळी बाहेर काढायला लावली आणि वाचली. एफबीएस. "यातही आहे." जावेद म्हणाला, साहेब, हे रक्त नाही, या पेशी आहेत. त्यांनी विचारलं, सीरम आहे की नाही यात? तो म्हणाला, आहे, पण. पणच्या पुढचं कोणी ऐकलं नाही. मग इन्क्युबेटर उघडला. पाच टक्के, दोन टक्के, प्रत्येक फ्लास्कवर तीच तीन अक्षरं, जावेदच्या छापील हस्ताक्षरात.

"शेवटी शून्यवाला घेतला," जावेद म्हणाला. "मी म्हटलं, सर, यात शून्य आहे. म्हणजे नाहीच. तर प्रबंधक म्हणाले, नाव तर लिहिलंय ना."

"मग तू?"

"मी आडवा उभा राहिलो, मॅडम. तर सचिव हळूच म्हणाले, जावेदभाई, या विषयात तुम्ही न बोललेलं बरं."

जावेद जन्मापासून या गावात राहतो. त्याला त्या वाक्याचा अर्थ माझ्यापेक्षा जास्त चांगला कळला. तो बाजूला झाला. मी त्याच्या जागी असते तर मीही झाले असते. मला ते वाक्य कोणी ऐकवलं नसतं, म्हणूनच ते मला इतकं लागलं.

आम्ही कुदळ घेऊन वसतिगृहाच्या मागे गेलो. माती ओली होती, वर हळदकुंकू आणि झेंडूची फुलं. नळ्यांत काही राम उरला नव्हता. गोठवलेल्या पेशी उघड्यावर वितळल्या की संपतात. बहुतेक फ्लास्क शिपायांनी वर फावडी मारल्याने चिरले होते. शून्यवाला शाबूत निघाला. पण आमच्या फ्लास्कच्या झाकणाला हवा जायला बारीक गाळणी असते, ती फाटली होती. गुलाबी मीडियम पिवळं आणि गढूळ झालेलं. आत माती, मीठ आणि मातीतले सगळे जंतू.

तरी मी तो पुसून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. का ठेवला माहीत नाही. मेलेल्याचं तोंड बघायची आपल्याकडे पद्धत आहे, तसं असेल.

जंतू वळवळत होते, वारूळ फुटावं तसे. आणि त्यांच्या खाली, तळाला चिकटलेल्या, हातपाय पसरलेल्या माझ्या पेशी होत्या. तरंगत नव्हत्या. गोल झाल्या नव्हत्या. एकीला एक लागून थर धरायला लागल्या होत्या. ज्याच्यासाठी इतकी वर्षं पायरी पायरी उतरत होतो, ते त्या फ्लास्कमध्ये होऊन गेलं होतं. एक थेंब सीरम नव्हतं आणि त्या जगल्या होत्या.

"जावेद, बघ," मी म्हणाले. त्याने बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाला, "मॅडम, मेल्या असत्या तर बरं झालं असतं."

आम्ही जंतुनाशकं घातली. दुप्पट घातली, चौपट घातली. मातीतले जंतू असे जात नसतात, हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. तिसऱ्या दिवशी पेशी गोल झाल्या आणि तरंगल्या.

त्याच आठवड्यात आबांचा सचिवांना काय फोन गेला ते मला नक्की माहीत नाही, पण सचिव स्वतः लॅबमध्ये आले. आवाज एकदम मऊ. "गैरसमज झाला, मॅडम. झालं गेलं विसरू. तुम्ही परत सुरू करा. बकरी काय, रोजच कापली जाते." डीके-नाइन कापलेल्या प्रत्येक बकरीतून निघत नाही. आठ फ्लास्क मेले तेव्हा तो नववा टिकला होता. आणि शून्यावर तो का जगला, हे तपासायला आता काहीच शिल्लक नव्हतं. हे त्यांना समजावून सांगायची ताकद माझ्यात उरली नव्हती. मी नुसतं हो म्हणाले. जाताना ते म्हणाले, "एक पोतं पाठवलंय. प्रयोग म्हणून बघा तर खरं." शहाळी होती. त्या दुपारी मी आणि जावेद रिकाम्या इन्क्युबेटरसमोर बसून दोन दोन शहाळी प्यायलो. चांगली गोड होती, हे कबूल करायला हवं.

वर्ष संपताना मी राजीनामा दिला. जावेद आधीच पुण्याला गेला होता. संस्थेच्या नव्या माहितीपत्रकात आमच्या केंद्राचं कौतुक छापलं आहे. पशुरक्ताचा वापर पूर्णपणे बंद करणारी खानदेशातली पहिली प्रयोगशाळा. छापलंय ते खोटं नाही. तिथे आता काहीच वापरत नाहीत.

आबांचा एकदा फोन आला होता. फार बोलले नाहीत. "पोरी, मी त्या दिन हात धुवाले नको व्हतात," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, आबा, तुम्ही हातच धुतले होते. बाकी सगळं दुसऱ्यांनी केलं.

आता मी पुण्यात नव्या मुलांना शिकवते. पहिल्या दिवशी लेबल लावायला शिकवते. फ्लास्कमध्ये जे आहे ते लिहा, सुवाच्य लिहा. जे नाही ते लिहू नका. अगदी शून्य टक्के असलं तरी नको. मुलं विचारतात, का मॅडम? मी म्हणते, वाचणारा आकड्यापर्यंत पोचत नाही.